लॅम्ब्रेटा गरम झाली की बंद पडते, आणि गॅरेजमध्ये मात्र शहाण्यासारखी सुरू होते

तुमची अडचण मला समजली ती अशी. आजोबांची १९६८ची लॅम्ब्रेटा एलआय १५०. सकाळी दुसऱ्या-तिसऱ्या किकला सुरू होते. कोल्हापुरात रंकाळा ते राजारामपुरी कितीही फिरवा, तक्रार नाही. पण पन्हाळ्याला निघालं की वाघबीळच्या आसपास चढाला बंद पडते. वीस-पंचवीस मिनिटं कडेला उभी केली की काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू. तीन गॅरेज झाली. एकाने प्लग बदलला, दुसऱ्याने कार्ब्युरेटर, तिसऱ्याने ब्लॉक बोअर करून नवा पिस्टन घातला. दुखणं तिथंच आहे. आता एक जण क्रँक बदला म्हणतोय, एक जण इलेक्ट्रॉनिक किट लावा म्हणतोय, आणि इटलीहून अस्सल पार्ट मागवावेत का, असं तुम्ही विचारताय.

आत्ता काहीही मागवू नका. माझं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरींचं आहे आणि ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक गाड्यांमध्ये चांगले भाग काढून नवे घातलेले असतात, बिघडलेला भाग मात्र आत तसाच बसलेला असतो. कारण साधं आहे. गाडी बंद पडते गरम असताना, आणि तपासली जाते थंड झाल्यावर. तुम्ही दुसऱ्या दिवशी गॅरेजला नेता, मिस्त्री किक मारतो, गाडी सुरू होते. आता त्याने बघायचं काय? तो अंदाज करतो. अंदाज त्याचा, बिल तुमचं.

म्हणून तुमचा खरा प्रश्न ‘कुठला पार्ट बदलू’ हा नाहीच. गाडी ज्या क्षणी बंद पडते त्या क्षणी तिच्यात काय कमी असतं, ठिणगी, पेट्रोल की काँप्रेशन, हे अजून कोणी बघितलेलं नाही. ते वाघबीळच्या चढावरच बघावं लागेल आणि तेही पहिल्या दोन-तीन मिनिटांत. ते तुम्ही स्वतः करू शकता. २१चा प्लग पाना, खात्रीचा चालू एक जादा प्लग, एक स्क्रू ड्रायव्हर आणि फडकं एवढं डिकीत ठेवा.

आधी बंद कशी पडते ते आठवून बघा. तुम्ही नुसतं ‘बंद पडते’ लिहिलंय, पण त्याचे प्रकार आहेत आणि मला सगळ्यात जास्त माहिती तिथूनच मिळते. चावी फिरवल्यासारखी एकदम गप्प झाली, तर शंका इग्निशनवर. आधी मिसिंग मारते, हुंदके देते, थ्रॉटल थोडा कमी केला की सावरते, पुन्हा उघडला की मरते, तर पेट्रोल कमी पडतंय. अशा वेळी चोक ओढून बघा. चोक दिल्यावर क्षणभर जीव आला तर मिश्रण पातळ होतंय हे नक्की. तिसरा प्रकार म्हणजे कोणी मागून धरून ओढावं तशी गाडी जड होत जाते आणि मग थांबते. हा पिस्टन धरायला लागल्याचा प्रकार. तेव्हा विचार करत बसू नका, लगेच क्लच दाबा, नाहीतर मागचं चाक लॉक होईल. नवीन बोअर झालेल्या गाडीवर ही सवय असलीच पाहिजे.

दुसरा पुरावा तुमच्याच प्रश्नात आहे, तो कोणी ऐकलेला दिसत नाही. परत सुरू व्हायला किती वेळ लागतो? पेट्रोल कमी येत असेल तर कार्ब्युरेटरची वाटी भरायला मिनिट-दोन मिनिटं पुरतात. गाडी लगेच सुरू होते आणि थोडं अंतर जाऊन पुन्हा मरते. पिस्टनने धरलं असेल तर पाच-दहा मिनिटांत मोकळा होतो, पण नंतर किक हलकी लागते, आवाज बदलतो, प्रत्येक खेपेला ताकद कमी होत जाते. वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि मग गाडी पूर्ण ताकदीने सुरू होते, हे वागणं विजेच्या भागांचं आहे. फ्लायव्हीलच्या आत बसलेली वस्तू निवायला तेवढा वेळ घेते. शिवाय बोअर करण्याआधी आणि नंतरही दुखणं सारखंच राहिलं, म्हणजे ब्लॉक-पिस्टन बहुधा निर्दोष होता. माझा संशय कंडेन्सरवर, त्यानंतर आतल्या इग्निशन कॉइलवर. पण हा संशयच. गाडी मी बघितलेली नाही, आणि साठच्या दशकातल्या गाडीत आज कोणाकोणाचे भाग बसलेत हे बाहेरून सांगता येत नाही. म्हणून तपासा.

तपासायचं असं. गाडी मेली की लगेच कडेला घ्या. पुन्हापुन्हा किका मारत बसू नका, त्याने कोरडा प्लगसुद्धा ओला होतो आणि पुरावा जातो. पेट्रोल कॉक बंद करा, प्लग काढा, तोंड बघा. हाताला चटका बसेल, फडकं धरा. प्लग ओला असेल तर पेट्रोल येतंय, जळत नाहीये. कोरडा ठणठणीत आणि पांढुरका असेल तर पेट्रोल येत नाहीये किंवा कुठून तरी हवा ओढली जातेय. आता जादा प्लग कॅपमध्ये खोचा, त्याची धातूची बाजू हेडच्या पंख्यांना, म्हणजे बाहेरच्या धातूच्या पट्ट्यांना, टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. अंगाची सावली करून किक मारा. निळी, जाड, टकटक आवाजाची ठिणगी हवी. पिवळी, केसासारखी बारीक, अधूनमधून चुकणारी दिसली तर चोर सापडला असं समजायला हरकत नाही.

एक सावधगिरी. उघड्या हवेत ठिणगी सहज पडते. सिलिंडरच्या आत दाबाखाली तिला जास्त जोर लागतो. त्यामुळे ‘स्पार्क येतोय की’ म्हणून विषय सोडून देऊ नका. कॅप काढून वायरचं टोक हेडपासून पाच-सहा मिलिमीटर लांब धरा आणि तेवढी उडी मारते का बघा. वायर रबरी पक्कडने किंवा घडी घातलेल्या कोरड्या फडक्याने धरा, नाहीतर असा झटका बसेल की पन्हाळा राहील बाजूला.

ठिणगी कमजोर निघाली असं धरून पुढे जातो, कारण शक्यता तीच जास्त आहे आणि या भागात सगळ्यात जास्त पैसे फुकट जातात.

एलआयमध्ये पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारी-तोडणारी टोकं), कंडेन्सर आणि इग्निशनची आतली कॉइल ही सगळी मंडळी फ्लायव्हीलच्या मागे, मॅग्नेटच्या प्लेटवर बसलेली असतात. प्लगला जोराची वीज देणारी एचटी कॉइल तेवढी बाहेर. इंजिनाची उष्णता क्रँककेसमधून थेट या प्लेटवर येते. गावात इंजिनाला श्वास मिळतो. केर्ली सोडून चढाला लागलात, तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल उघडा धरून दोघं बसला असाल, तर प्लेट चांगलीच तापते. कंडेन्सरच्या आतलं इन्सुलेशन जुनं किंवा हलक्या प्रतीचं असेल तर गरम झाल्यावर वीज गळायला लागते. निवला की पुन्हा ठीक. म्हणूनच थंड कंडेन्सर मीटरवर पास होतो. कपॅसिटी ०.२५ मायक्रोफॅरडच्या आसपास दाखवतो, मिस्त्री ‘चांगला आहे’ म्हणतो, आणि तो खोटंही बोलत नसतो.

माझ्याकडे अशी प्लेट आली की मी ती टेबलावर ठेवून हॉट एअर गनने हळूहळू तापवतो, हात टेकवता येणार नाही इतपत, जाळण्याइतकी नाही. मीटर लावलेलाच असतो. थंड असताना स्थिर असलेला आकडा तापता तापता इकडेतिकडे नाचायला लागतो. काही कंडेन्सर मधेच एकदम शॉर्ट दाखवतात आणि गन बंद करून पाच मिनिटं गेली की पुन्हा सज्जन होतात. कॉइलचंही तसंच. तिची तार आत कुठे तुटायला आली असेल तर तापून फुगल्यावर जोड सुटतो आणि रेझिस्टन्स एकदम अनंत होतो. तुमच्या मिस्त्रीकडे गन नसेल तर पेंट काढणाऱ्याकडे किंवा मोबाइल रिपेअरवाल्याकडे हमखास मिळेल. दहा मिनिटांची चाचणी आहे. तीन गॅरेजांपैकी एकाने जरी केली असती तर बोअरचे पैसे वाचले असते.

पॉइंट उघडून बघितले तर कंडेन्सरची सही तिथेही दिसते. फ्लायव्हीलच्या मधलं झाकण काढलं की खिडकीतून पॉइंट दिसतात. एका टोकावर बारीक टेकडी आणि समोरच्या टोकावर तसाच खड्डा पडला असेल, टोकं काळीनिळी झाली असतील, तर कंडेन्सर काम करत नाहीये. अंधारात गाडी सुरू ठेवून खिडकीतून बघा. पॉइंटवर बारीक ठिणगी थोडीफार दिसतेच, पण भसाभसा पांढरी-निळी आग दिसत असेल तर प्लगला जायची वीज तिथेच खर्च होतेय.

पॉइंटचं अंतर ०.३५ ते ०.४५ मिलिमीटरच्या मध्ये ठेवा, फिलर गेजने मोजून, हॅक्सॉच्या पात्याच्या अंदाजाने नाही. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते तसं अंतर कमी होतं, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे जातं. टायमिंग मागे गेलेलं इंजिन चढाला जास्त तापतं, म्हणजे दुखण्याला दुखणं मिळतं. कॅमला टेकणारा नमद्याचा तुकडा असतो, तो कोरडा लाकडासारखा झालेला असतो बहुतेक गाड्यांत. त्याला किंचित ग्रीस लावा. किंचितच. जास्त लावलं तर उडून पॉइंटवर बसतं आणि नवीन कटकट.

आता उपाय. नवीन कंडेन्सर आणून त्याच जागी बसवता येतो, पण बाजारात मिळणाऱ्या खोक्यातल्या कंडेन्सरवर माझा भरवसा उरलेला नाही. काही खोक्यातून निघतानाच बिघडलेले असतात. मी तो प्लेटवरून हद्दपारच करतो. कंडेन्सर पॉइंटला समांतर जोडलेला असतो, त्यामुळे तो पॉइंटच्या शेजारीच असला पाहिजे असं काही नाही. आतून एचटी कॉइलकडे येणाऱ्या वायरला बाहेर जोड द्यायचा आणि कंडेन्सर फ्रेमला, वारा लागेल अशा ठिकाणी, स्क्रूने घट्ट बसवायचा. बॉडी अर्थ मिळालीच पाहिजे, रंगावर बसवू नका, तिथे खरवडून धातू उघडा करा. मोटारीचा पॉइंटवाला कंडेन्सर चालतो, कपॅसिटी जवळपास जुळली पाहिजे एवढंच. अँबॅसॅडरचा किंवा पद्मिनीचा जुन्या दुकानात अजून सापडतो. पद्मिनी म्हणजे मुळात फियाटच, त्यामुळे इटालियनला इटालियन भेटल्याचंही समाधान. हा भाग बाहेर आला की पुढे कधी गेला तरी रस्त्यावर स्क्रू ड्रायव्हरने बदलता येतो, फ्लायव्हील काढावं लागत नाही.

कॉइल गेली असेल तर मात्र फ्लायव्हील काढणं आलं. ते पुलरनेच काढा. कोणी फ्लायव्हीलच्या कडेला छिन्नी लावून हातोडा मारताना दिसला तर गाडी तिथून ढकलत घेऊन या. मॅग्नेट मार खाऊन उतरतो, क्रँकचं टोक वाकतं, आणि मग खरंच क्रँक बदलायची वेळ येते. काढलं की आतली चावी आणि तिची खाच बघा. चावी अर्धी कातरलेली असेल तर टायमिंग आपोआप सरकत असतं आणि बाहेरून काही कळत नाही.

एक गफलत आपल्याकडे फार होते म्हणून सांगतो. तुमची गाडी मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाची, म्हणजे एपीआयची. ती एलआयची दुसरी मालिका. मिलानच्या इनोसेंटीने १९७१ मध्ये लॅम्ब्रेटा बंद केली. १९७२ साली स्थापन झालेल्या लखनौच्या स्कूटर्स इंडियाने तिथली यंत्रसामग्री आणली आणि पुढे विजय सुपर काढली, ती जीपी या लॅम्ब्रेटाच्या नंतरच्या मॉडेलच्या घराण्यातली. दोन्ही लॅम्ब्रेटाच, पण क्रँकचा मॅग्नेटकडचा टेपर, म्हणजे फ्लायव्हील बसतं ते निमुळतं टोक, वेगळा. एलआयचा बारीक, जीपी-विजयचा मोठा. भंगारात विजयचे भाग सहज मिळतात, त्यामुळे मधल्या काळात कोणी विजयचा क्रँक घातला आणि फ्लायव्हील जुनंच जमवून बसवलं, असे प्रकार मी बघितलेत. फ्लायव्हील हाताने फिरवल्यावर डुलतंय का, नट काढल्यावर ते टेपरवर घट्ट बसलेलं होतं की नुसतं नटाने आवळून धरलेलं, हे बघितल्याशिवाय किट किंवा क्रँक कशाचीच ऑर्डर देऊ नका. इलेक्ट्रॉनिक किट घेतानाही दुकानदार पहिला प्रश्न हाच विचारेल.

आणखी एक फुकटातली तपासणी. गाडी बंद करायच्या स्विचची वायर इग्निशनला अर्थ करून इंजिन थांबवते. ती हँडलच्या वळणावर किंवा फ्रेमच्या कडेला घासून उघडी पडली की गाडी वाटेल तेव्हा मरते, पावसाळ्यात तर हमखास. जंक्शन बॉक्समध्ये तेवढी एक वायर सोडवून, टोकाला टेप लावून वाघबीळ चढून बघा. नाही मेली तर एक रुपयाही न खर्चता काम झालं. फक्त मग थांबवताना वरच्या गिअरमध्ये, ब्रेक दाबून, क्लच सोडून बंद पाडावी लागेल.

समजा प्लग कोरडा निघाला आणि ठिणगी निळी, जाड, तर माझा सगळा संशय चुकीचा आणि आपण पेट्रोलकडे वळायचं. तिथे पहिली गोष्ट म्हणजे सीटखालचं टाकीचं झाकण. गोडेतेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल गुडगुड करत थांबतं, तसं झाकणातलं हवेचं भोक बुजलं की पेट्रोल अडतं. गाडी मेल्यावर झाकण उघडा. सूं करून हवा आत गेली आणि लगेच सुरू झाली, तर दाभणाने ते भोक मोकळं करा, विषय संपला. त्यानंतर पाइप कार्ब्युरेटरकडून काढून बाटलीत धार बघा. धार एकसारखी, न तुटता पडली पाहिजे आणि निदान मिनिटभर तशीच राहिली पाहिजे. पहिले दहा सेकंद जोरात आणि मग थेंब थेंब, हे कॉकच्या आतली जाळी गंजाने भरल्याचं लक्षण. गावातल्या चालीला तेवढं पेट्रोल पुरतं, चढाला पुरत नाही, म्हणून हा बिघाडही घाटातच दिसतो आणि लोकांना वाटतं की गरम झाल्यामुळे होतंय. कार्ब्युरेटरच्या जोडणीत एक छोटी जाळी असते. नवीन कार्ब्युरेटर बसवलाय म्हणून ती साफ असेल असं समजू नका, टाकीतला गंज नव्यालाही तितकाच भरतो.

पेट्रोलचाच आणखी एक मुद्दा, आणि हा आजोबांच्या काळात नव्हता. २०२५ पासून पंपावर मिळतं ते बहुतेक सगळं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. त्यातलं काही आपल्याच भागातल्या उसातून आलेलं असतं, अभिमान बाळगायला हरकत नाही, पण या गाडीला ते मानवत नाही. जुना रबरी पाइप मऊ होऊन आतून सोलतो आणि त्याचे कण जेटमध्ये जातात. इथेनॉलने मिश्रणही पातळ होतं. त्यामुळे इंजिन आधीपेक्षा जास्त तापतं. मी सध्या एलआयला मेन जेट एक माप मोठा घालतो आणि प्लगचा रंग बघून पुढे ठरवतो. लालसर-तपकिरी आला की थांबायचं. पाइप इथेनॉलला टिकणारा घ्या. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी जून ते सप्टेंबर उभी राहणार असेल तर अर्धी टाकी ठेवू नका. पाणी जास्त झालं की इथेनॉलसह खाली बसतं, आणि कॉक नेमका खालूनच ओढतो. त्या थरात टू-टी तेल जवळपास नसतंच. म्हणजे पावसाळ्यानंतरच्या पहिल्या किकेला इंजिन तेलाशिवाय पळतं. टाकी रिकामी करा, कार्ब्युरेटरची वाटीही.

तेलाचं प्रमाण मी या गाडीला ४ टक्के ठेवतो, लिटरला ४० मिलिलिटर. नव्या तेलाला कमी पुरतं असं सांगणारे भेटतील. नवीन बोअर झालेला बिडाचा ब्लॉक आणि पन्हाळ्याचा चढ असताना मी काटकसर करणार नाही. धूर थोडा जास्त येईल. पण चांगली गरम झाल्यावरही पांढऱ्या धुराचे लोट निघत असतील आणि चेनकेसमधलं ९० नंबर तेल कमी होत असेल, तर गोष्ट वेगळी. क्लचच्या बाजूचं ऑइल सील गेलंय आणि इंजिन गिअर ऑइल पितंय. आपल्याकडे ‘जाळ अन् धूर संगटच’ म्हणतात ते कुस्तीला ठीक, टू-स्ट्रोकला नाही. तिथे सुमारे ७०० मिलिलिटर तेल बसतं. बदलताना मोजून काढा आणि मोजून घाला, म्हणजे किती गेलं ते कळतं.

मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर धूर येत नाही, उलट हवा आत ओढली जाते. खूण अशी की थ्रॉटल सोडला तरी इंजिन लगेच खाली येत नाही, भणभणत राहतं, आणि प्लग पांढरा पडतो. कार्ब्युरेटर बदलणाऱ्याने मॅनिफोल्डचं गॅस्केट जुनंच ठेवलं असेल किंवा क्लँप नीट बसला नसेल तरी हेच होतं. यासाठी कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरची तोंडं रबराने बंद करून सायकलच्या पंपाने पाच-सहा पीएसआय दाब भरायचा आणि साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायचे. हे इथे कोणी करत नाही, पण इंजिन उघडण्याआधी हे केलं नाही तर उघडून काय शोधायचं तेच माहीत नसतं.

आत्तापर्यंतचं एका दमात: एकदम मेली, प्लग ओला, ठिणगी पिवळी असेल तर कंडेन्सर-कॉइल-वायर. हुंदके देऊन मेली, प्लग कोरडा, लगेच सुरू होते तर झाकण-कॉक-पाइप. जड होऊन मेली तर पुढचं वाचा.

बोअर केलेल्या मिस्त्रीला दोन प्रश्न विचारा. पिस्टनला किती क्लिअरन्स (सिलिंडरच्या भिंतीपासून मोकळी जागा) ठेवला, आणि पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरमधल्या खिडक्यांच्या, कडा घासून मारल्या का? उद्यमनगरात बोअरिंगचं काम उत्तम होतं यात वाद नाही. ऑइल इंजिनांवर आणि फौंड्रीच्या कामावर घडलेले हात आहेत. पण पाण्याने थंड होणाऱ्या डिझेल इंजिनाचा हिशेब हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकला लावला तर पिस्टन थंड असताना छान बसतो आणि गरम झाला की धरतो. क्लिअरन्स पिस्टन बनवणाऱ्याने सांगितलेलाच ठेवायचा, ‘आपला नेहमीचा’ नाही. मूळ बोअर ५७ मिलिमीटरचा आहे, तुमचा आता किती झाला ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

आणि हवेचं बोलतोय म्हणून: फ्लायव्हीलच्या पंख्याची हवा ब्लॉक आणि हेडवरून नेणारी पत्र्याची आवरणं तुमच्या गाडीवर दोन्ही आहेत का? इंजिन उतरवलं की ती परत बसवताना त्रास होतो, म्हणून बरेच जण हेडवरचं काढून कोपऱ्यात टाकतात आणि वर सांगतात, ‘उघडं राहिलं की जास्त गार राहतं.’ उलट आहे. आवरण नसेल तर हवा सोपी वाट शोधून बाजूने निघून जाते आणि हेडच्या पंख्यांमधून जातच नाही. तुमच्या गाडीचा ब्लॉक नुकताच उतरला होता, त्यामुळे हे आधी बघा. पंख्यांमध्ये तेल-धुळीचा थर असेल तर तोही डिझेल आणि ब्रशने काढा.

आता किट आणि इटालियन पार्ट. इलेक्ट्रॉनिक इग्निशन वाईट नाही. रोज ऑफिसला याच गाडीने जात असाल, दिवा चांगला हवा असेल, तर जरूर लावा. पॉइंटची कटकट जाते. पण दुखणं पेट्रोलचं निघालं तर किट लावूनही गाडी तिथेच बंद पडेल आणि मग कोणावर विश्वास ठेवावा हे तुम्हाला कळणार नाही. लावलंच तर जुनी प्लेट आणि फ्लायव्हील भंगारात देऊ नका. फ्लायव्हील कपाटात ठेवताना आत लोखंडाचा तुकडा चिकटवून ठेवा.

इटलीहून मागवायचेच असतील तर ऑइल सील, बेअरिंग, गॅस्केट आणि पॉइंट यांना पैसे घाला, तिथे फरक पडतो. बुश, पिना, स्पेसर, कापलेले आटे, तुटलेले अ‍ॅल्युमिनियमचे कान यांसाठी परदेशात बघण्याची गरज नाही, नमुना घेऊन उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत जा. लेथवाल्याला माप दिलंत तर तो मूळ भागापेक्षा बरा करून देईल. प्लग घेताना मात्र नुसता नंबर सांगून घेऊ नका. जुन्याच्या आट्याची लांबी हेडच्या आट्याशी जुळतेय का ते स्वतः बघा, कारण हेडसुद्धा बदललेलं असू शकतं. आटा लांब असला तर प्लग पिस्टनला टेकतो.

क्रँक बदलायचं जे सांगितलंय ते तूर्त बाजूला ठेवा. गाडी सुरू असताना कनेक्टिंग रॉडचा खडखडाट होत नसेल आणि फ्लायव्हील वर-खाली हलवल्यावर खेळ जाणवत नसेल, तर क्रँकचा या तक्रारीशी संबंध दिसत नाही.

येत्या रविवारी पन्हाळ्याला जाऊन या, सोबत एक माणूस घ्या, आणि या वेळी मुद्दाम बंद पडू द्या. मग मला एवढंच कळवा: एकदम मेली की हुंदके देऊन, प्लग ओला होता की कोरडा, वायरवरून ठिणगी किती लांब उडाली, टाकीचं झाकण उघडल्यावर काही फरक पडला का, आणि मॅग्नेटच्या प्लेटचा एक स्वच्छ फोटो. हेडवरच्या आवरणाचाही फोटो टाका.